गुरामी एकमेकांना हाणतायत? आधी टँकचा वरचा भाग बघा

मे महिना लागला की आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडच्या घरी काचेच्या टँकमध्ये मासे पाळणाऱ्यांचं एकच रडगाणं असतं, भाऊ, कालपर्यंत गुण्यागोविंदाने फिरणारे गुरामी मासे आज एकमेकांच्या जिवावर उठलेत. बाहेर ४४-४५, टँकचं पाणी ३१-३२ ला टेकलेलं, आणि पाणी २७-२८ च्या वर गेलं की गुरामीच्या नराला घरटं सुचायला लागतं. तो वरती बुडबुड्यांचा फेस जमवतो आणि त्या कोपऱ्यात जो येईल त्याला पिटाळतो, मग ती मादी का असेना. पण सगळं खापर उन्हावर फोडू नका, निम्मं कारण आपण दुकानातून पिशवीत भरून आणलेलं असतं.

म्हणजे काय तर नर किती ते बघा आधी. पाठीवरचं फिन म्हणजे पर लांब आणि टोकदार असेल तर नर, आखूड आणि गोलसर असेल तर मादी. ड्वार्फ गुरामी या छोट्या जातीत तर दुकानात जे लाल-निळे झळकतात ते बहुतेक सगळे नरच, मादी फिकट चंदेरी असते म्हणून गिऱ्हाईक घेत नाही आणि दुकानदार आणत नाही, त्यामुळे "जोडी द्या" म्हटलं तरी पिशवीत दोन नर येतात. दुसरी गंमत म्हणजे ब्लू, गोल्डन आणि ओपलाईन हे तीन वेगळे मासे म्हणून विकले जातात पण जात एकच, थ्री स्पॉट, त्यामुळे रंग वेगळा असला तरी नराला समोरचा आपला वैरीच वाटतो. हा मासा १५ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि स्वभावाने दादा. दोन फुटी टँकमध्ये, म्हणजे साधारण ७० लिटरात, एकच ठेवा. तीन फुटीत एक नर आणि दोन-तीन माद्या, म्हणजे मार एकीच्याच वाट्याला येत नाही.

आता मुद्द्याचं. भांडण झालं की लोक तळाला किल्ला, मडकं, दगडाची गुहा ठेवतात, आणि गुरामीला त्याचा काडीचा उपयोग नाही! गुरामी हवेतून श्वास घेतो, त्याला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं, आणि वर तर दादा पहारा देतोय. नीट बघा, मार खाणारा मासा फिल्टरच्या पाईपमागे वरच्या कोपऱ्यात तिरका उभा असतो, रंग उडालेला, मिशा (पोटाखालचे दोऱ्यासारखे लांब पर) अंगाला चिकटवलेल्या, हळूच वर येऊन घोट घेतो न घेतो तोच दुसरा बाणासारखा येऊन बरगडीत ढुसणी देतो. म्हणून आडोसा वरती पाहिजे. वॉटर स्प्राईट किंवा हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती तरंगत सोडा, लांब पानांची व्हॅलिस्नेरिया लावा जी वर येऊन आडवी पसरते, एखादं ड्रिफ्टवुड, म्हणजे टँकसाठी मिळणारं लाकूड, उभं असं ठेवा की टँकच्या या टोकावरून ते टोक दिसणार नाही. दिसलाच नाही तर मारणार कोणाला? फक्त पूर्ण पाणी झाकू नका, मधेमधे मोकळी जागा राहू द्या.

एवढं करूनही थांबत नसेल तर मार खाणाऱ्याला काढू नका, मारणाऱ्याला काढा. हे बरेच जण उलटं करतात, मग दादाला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. प्लास्टिकची जाळीची टोपली त्याच टँकमध्ये झाकण लावून तरंगत ठेवा, आत पाण्याच्या वर हवेला थोडी जागा राहील अशी, आणि तीन-चार दिवस त्याला त्यात ठेवा. तेवढ्यात दगड, लाकूड, झाडं सगळं इकडचं तिकडे करून टाका. परत सोडताना लाईट बंद. आल्यावर त्याचा कोपराच सापडत नाही, मग जरा नरमतो, बऱ्याच वेळा.

खाणं दोन टोकांना एकदम टाका. फेसाचं घरटं दिसलं आणि पिल्लं नको असतील तर फिल्टरचं तोंड त्या बाजूला वळवा, पाणी हललं की घरटं टिकत नाही. उन्हाळ्यात वरून जाळी टाकून झाकण उघडं ठेवा आणि टेबल फॅनचा वारा पाण्यावर सोडा, दोन-तीन डिग्री सहज उतरतात. पाणी भराभर आटतं तेव्हा नुसती भर घालत बसू नका, बोअरचं पाणी आधीच जड, क्षार साठत जातात, थोडं काढून थोडं बदलत राहा, आणि नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन घालवूनच.

सोबतीला टायगर बार्ब मासे अजिबात नको, ते गुरामीच्या मिशा कुरतडतात. फायटर मासा पण नको. कोरीडोरास, रासबोरा असे शांत छोटे मासे चालतात.

आणि काही नर नाहीच सुधरत भो. असा निघाला तर दुकानात बदलून घ्या, त्याच्या जागी पर्ल गुरामी आणा किंवा टँक लहान असेल तर हनी. हनी आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, जेमतेम ५ सेंटीमीटरचा, आणि त्याच्या दोन नरांत वाजलं तरी थोडी पळापळ होऊन मिटतं.