घाटात मान टाकणारी गाडी: गॅरेजला नेण्याआधीची तयारी

गॅरेजात जाऊन ‘पिकअप मिळत नाही’ एवढंच सांगितलं, तर मेकॅनिकला अंदाजानंच काम सुरू करावं लागतं. मग कधी प्लग बदलले जातात, कधी डिझेल फिल्टर, कधी थेट क्लच, आणि पुढच्या रविवारी सिंहगडाच्या वळणांवर गाडी पुन्हा पहिल्या गिअरवर येते. म्हणून गाडी देण्याआधी तिची तक्रार नीट लिहून काढा. एक सकाळ पुरते.

चढ आधी ठरवून ठेवा. पुण्याजवळचा जुना कात्रज घाट किंवा दिवे घाट, तोही पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी. नव्या बोगद्याचा महामार्ग या कामाला नको: चढताना मंदावलेल्या गाडीमागे भरधाव ट्रक, आणि परतताना नवले पुलाकडचा, अपघातांसाठी कुख्यात असलेला उतार. टाकी निदान अर्धी भरलेली असू द्या. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरा. शेजारी वही घेऊन कुणीतरी बसायला हवं, कारण चालवणाऱ्यानं काटे बघत आकडे लिहायचे नाहीत.

निघाल्यावर सपाट रस्त्यावर थोडं अंतर जा, ब्रेक फारसा न दाबता गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. डिस्कला लावू नका, भाजेल. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. इंजिन ठणठणीत असूनही अशी गाडी चढावर ओढत नाही.

आता खरी परीक्षा, आणि तिथं सगळं लक्ष आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या काट्यावर. पाय दाबल्यावर काटा वर जातो पण वेग वाढत नाही, तर इंजिन काम करतंय आणि ताकद चाकांपर्यंत पोचत नाहीये. मॅन्युअल गाडीत याचा अर्थ क्लच प्लेट स्लिप होतेय. खात्रीसाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगात एकदम रेस द्या. काटा उसळला आणि गाडी तिथंच राहिली की शंका उरत नाही. जळका वासही येईल. शहरातल्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी धरायची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे आधी तपासावं.

काटाच वर जात नसेल तर मात्र इंजिनाला हवा, इंधन किंवा ठिणगी कमी पडतेय, नाहीतर धूर बाहेर पडायची वाट तुंबलीय. इथं बारकाईनं लिहा. गाडी झटके देत मिसिंग करते, म्हणजे मधेच इंधन नीट जळत नाही? ठिणगी देणारे प्लग आणि कॉइल. सुरुवातीला ओढते आणि लांब चढावर हळूहळू दम सोडते? इंधन फिल्टर, पंप किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग). डिझेल गाडीतून काळा धूर आणि बॉनेटखालून सूं आवाज? टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होज फाटलाय का ते बघायला सांगा. आरपीएम एका मर्यादेपुढे जातच नाही, पण गाडी बंद करून चालू केली की काही काळ बरी चालते? मग बहुधा गाडीच्या कॉम्प्युटरनंच ताकद रोखून धरलीय. सीएनजी गाडी असेल तर तोच चढ पेट्रोलवरही चढा. सीएनजीला जास्त जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे थकलेला प्लग तिथं आधी उघडा पडतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर चाचणी तिथंच थांबवा.

एसी आधी बंद ठेवून, मग चालू करून फरक लिहा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, सिंहगड १३०० च्या आसपास. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. एक लिटरची गाडी, पाच माणसं आणि एसी असेल तर वर थोडी जड चालणारच. त्यासाठी कुणी खर्चात पाडू नये.

गॅरेजात पहिली विनंती एकच: बॅटरीची वायर काढण्याआधी स्कॅनर लावा आणि गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे कोड लिहून द्या. वायर काढली की कोड बहुतेकदा पुसले जातात आणि सगळा माग हरवतो. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी. कोड अमुक पार्ट बदला असं सांगत नाही, फक्त दिशा दाखवतो.

खर्चाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. एअर फिल्टर घरीच उघडून बघता येतो, आणि मेट्रो नि रस्त्यांच्या कामांच्या धुळीत तो लवकर भरतो. नाना पेठेत चांगला मिळेल. मग प्लग, मग इंधन फिल्टर. पंप बदलण्याआधी इंधनाचा दाब गेजनं मोजून घ्यायला सांगा, तोही रेस दिलेली असताना. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्या फक्त शहरात फिरल्या तर डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. बरेचदा महामार्गावर एकसारख्या वेगात अर्धा तास चालवून ती जळून जाते. डीपीएफ किंवा कॅटॅलिटिक काढूनच टाकू असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. ते नियमाबाहेरचं आहे आणि त्याचा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

काम झाल्यावर ट्रायल त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तितक्याच माणसांसह घ्या आणि नवे आकडे जुन्यांखाली लिहा. काढलेले पार्ट परत मागा. क्लच बदलला असेल तर जुन्या प्लेटवर बोट फिरवा: झिजलेल्या प्लेटचे रिव्हेट पृष्ठभागाला टेकलेले असतात, आणि ते खोल असतील तर क्लच नेमका कशासाठी बदलला हे तिथंच विचारा.