पिच्चर बघून आल्यावर चार ओळी लिहायच्या तर

काही वर्षांपूर्वी मी एका पिच्चरबद्दल फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, "मस्त आहे, नक्की बघा, सगळ्यांची कामं भारी." संपला विषय. त्याच्या भरवशावर आमची मावशी दोन नातवंडांना घेऊन गेली आणि इंटरव्हलच्या आधीच मारामारीला घाबरून धाकट्याने भोकाड पसरलं, तिघं अर्ध्यातून बाहेर, तिकिटं पॉपकॉर्न रिक्षा सगळं धरून हजाराच्या वर फटका. मावशी फोनवर एवढंच म्हणाली, अरे तुला सांगायला काय झालं होतं? आता यावर काय बोलणार. मला पिच्चर आवडला यापलीकडे त्या ओळीत तिच्या उपयोगाचं काहीही नव्हतं.

त्यानंतर मी जरा नीट लिहायला लागलो. मी काही समीक्षक वगैरे नाही, फिल्मचा कोर्स केलेला नाही, दिवसभर हिशोबाचं काम करतो आणि शुक्रवार-शनिवार पिच्चर बघतो. पण लिहून लिहून काही गोष्टी कळल्या त्या सांगतो, कारण आता बरेच जण विचारतात की रिव्ह्यू लिहायचाय पण सुरुवात कुठून करू.

सुरुवात एका माणसापासून करा. म्हणजे लिहिताना डोळ्यासमोर एक ओळखीचं माणूस ठेवा, मावशी असेल, हॉस्टेलवरचा मित्र असेल, नाहीतर तिकडे न्यू जर्सीला राहणारी बहीण असेल जिला एका मराठी पिच्चरसाठी तासभर गाडी चालवत जावं लागतं आणि तोही एखादाच शो असतो. या तिघांना वेगवेगळ्या गोष्टी कळायला हव्या असतात. मावशीला लहान मुलांना नेऊ का ते हवं, मित्राला दोनशे रुपये घालवू की ओटीटीवर यायची वाट बघू ते हवं. सर्टिफिकेट पण बघून सांगत जा, फुकटची माहिती आहे. आधी नुसतं यूए असायचं, म्हणजे लहान मुलांना आईवडिलांच्या सल्ल्यानेच दाखवा असं, २०२४ च्या नवीन नियमांपासून त्यात ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, आणि बऱ्याच लोकांना याचा पत्ताच नाही. पण नुसत्या आकड्यावर थांबू नका, आत काय आहे ते सांगा. रक्त दिसतं की शिव्या आहेत की रात्री मुलांना झोप लागणार नाही असं काही आहे, तिन्ही प्रकार वेगळे आहेत.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे रिव्ह्यूची एक ठरलेली थाळी आहे, कथा चांगली, अभिनय नैसर्गिक, छायाचित्रण नयनरम्य, संगीत श्रवणीय, संकलन थोडं अजून धारदार हवं होतं, एकदा बघायला हरकत नाही. हे वाक्य उचलून कुठल्याही पिच्चरला चिकटवा, चिकटतं. त्यामुळे ते न लिहिल्यासारखंच आहे. माझा स्वतःपुरता नियम असा की मत मांडायच्या आधी मी एक सीन सांगतो. एकच. काय दिसलं, कोण काय करत होतं, आणि मग त्याच्यामुळे मला काय वाटलं.

उदाहरणाला सैराट घेऊ कारण तो बहुतेक सगळ्यांनी बघितलाय. २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा ज्याने त्याने लिहिलं की रिंकू राजगुरूने काय नैसर्गिक काम केलंय. बरोबर आहे, पण म्हणजे नक्की काय? त्यापेक्षा असं लिहा की पहिल्या भागात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, आवाज चढवून बोलणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत गेल्यावर कशी आक्रसत जाते बघा, तिचं बोलणं कमी होतं, चाल बदलते, घरी असताना ज्या गोष्टींचा तिला विचारसुद्धा करावा लागला नव्हता त्या साध्या साध्या गोष्टींनी ती रडकुंडीला येते. आता वाचणाऱ्याला कळलं तुम्ही काय पाहिलं. त्याला पटलं नाही तर तो तुमच्याशी त्या सीनवरून भांडू शकतो, "नैसर्गिक" वरून काय भांडणार.

गाण्यांचं पण तसंच. झिंगाट हिट आहे हे सांगायला रिव्ह्यू कशाला पाहिजे, मंडपातला डीजे सांगेल. पण सैराटची चारही गाणी आधीच्या भागात संपतात आणि आर्ची-परश्या हैदराबादला गेल्यावर गाणं म्हणून येतच नाही, हे किती जणांनी नोटीस केलं? मला स्वतःला दुसऱ्यांदा बघताना कळलं. पहिल्यांदा नुसतं वाटत राहिलं की काहीतरी हरवलंय आणि ते काय ते सांगता येईना. असं "काहीतरी वाटलं पण कळत नाही" आलं ना की तिथेच थांबून शोधायचं, तुमच्या रिव्ह्यूतली चांगली ओळ बहुतेक वेळा तिथेच असते.

आणि शेवट. शेवट सांगायचा नाही. एवढी वर्षं झाली तरी कोणीतरी राहिलेलं असतंच. माझा साधा हिशोब आहे, ट्रेलरमध्ये जे दाखवलं ते सांगायला हरकत नाही, पहिल्या अर्ध्या तासातलं चालतं, इंटरव्हलचा धक्का असेल तर तो सोडायचा, आणि त्यानंतरचं काही सांगायचंच असेल तर वर ठळक स्पॉयलर असं लिहून खाली चार ओळी मोकळ्या सोडायच्या. "शेवटी जे होतं ते बघून हादरून जाल" हे पण एक प्रकारचं स्पॉयलरच आहे बरं का, माणूस मग पूर्ण पिच्चरभर दबा धरून बसतो.

दुसरी गोष्ट, तुम्हाला काय माहितीये ते ओळखा. मी मूळचा बार्शीचा. सैराटचं शूटिंग झालं ते करमाळा आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळे सैराटमधली बोली मला घरची वाटते, कुठला शब्द आमच्या आजूबाजूला बोलतात आणि कुठला पटकथेसाठी आणलेला ते मी सांगू शकतो. हे मोठ्या पेपरात लिहिणारा मुंबईचा माणूस सांगू शकेलच असं नाही. पण रात्रीस खेळ चाले या सिरियलमधल्या मालवणीबद्दल मी मत देणं म्हणजे आगाऊपणा, तिथे सावंतवाडीकडचं कोणीतरी लिहावं, मी वाचेन. नर्स असाल तर हॉस्पिटलचा सीन तुम्ही बघा, सलाईन उलटी लावलीये का ते तुम्हालाच दिसणार. शिक्षक असाल तर वर्गातला. मात्र त्याचाच धोशा लावू नका, एक सलाईन चुकली म्हणून पूर्ण पिच्चर पाण्यात जात नाही.

"स्लो आहे" या दोन शब्दांवर मला वेगळं बोलायचंय कारण हे मी पण सर्रास लिहायचो. कोर्ट नावाचा पिच्चर २०१५ च्या एप्रिलमध्ये लागला, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला म्हणून आम्ही चौघं गेलो आणि अर्ध्या तासात एक जण मोबाईल काढून बसला. कॅमेरा हलतच नाही. लांबून एका जागी ठेवलेला, कोर्टाची खोली दिसते, लोक येतात बसतात, सरकारी वकील बाई कायद्याची कलमं एका सुरात भराभर वाचत जातात. मी बाहेर येऊन लिहिलं स्लो आहे. मग काही महिन्यांनी माझ्या काकांच्या जमिनीच्या केससाठी मी त्यांच्यासोबत कोर्टात गेलो, चार तास बाकावर बसलो आणि पुढची तारीख घेऊन परत आलो. त्या बाकावर मला तो पिच्चर कळला. तिथे पण असंच लांबून सगळं दिसत असतं, कोणी तुमच्यासाठी क्लोजअप लावत नाही. आणि त्याच वकील बाई नंतर लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, तेवढ्याच निर्विकारपणे, तेव्हा कोणी व्हिलन नाहीये हे जास्त भीतीदायक वाटायला लागतं.

म्हणून आता स्लो वाटलं की मी स्वतःला विचारतो की हे मुद्दाम हळू ठेवलंय का, आणि ठेवलं असेल तर त्या वेळात मला काय बघायला दिलंय. काहीच दिलं नसेल, नुसता हिरो खिडकीतून बाहेर बघतोय आणि मागे बासरी, तर मग बिनधास्त रटाळ लिहा. आणि मावशीसाठी तरीही सांगाच की बाई, यात गाणी नाहीत, घाई नाही, दमून आल्यावर लावू नकोस.

टिपणं काढायची असतील तर अंधारात मोबाईल काढू नका, मागच्याच्या शिव्या खाल. इंटरव्हलला समोशाच्या लाईनीत उभं राहून दोन-तीन शब्द टाईप करून ठेवायचे, "आजीचा डबा", "पावसातला फोन" असं काहीतरी, नंतर सगळं आठवतं. आणि त्याच रात्री कच्चं लिहून टाका, दुसऱ्यांचं वाचायच्या आधी. दुसऱ्याचा रिव्ह्यू वाचला की त्याचे शब्द आपल्या तोंडी बसतात आणि आपल्याला वाटतं हे आपलंच मत होतं. शिवाय मराठी पिच्चरचे शो दुसऱ्या आठवड्यात असे गायब होतात की तुम्ही निवांत पंधरा दिवसांनी कौतुक केलंत तर वाचणाऱ्याला बघायला शोच उरलेला नसतो. छोटा पिच्चर आवडला असेल तर शनिवारपर्यंत लिहा.

एक तपासायचं राहतं, थिएटरचा दोष पिच्चरवर ढकलू नका. पडदा काळपट दिसत होता, संवाद ऐकू येत नव्हते, हे प्रोजेक्टर आणि स्पीकरचं पण असू शकतं. मी एकदा साऊंडला धो धो नावं ठेवली आणि दुसऱ्या थिएटरात बघितलेल्या मित्राने सांगितलं की त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं. पोस्ट सुधारावी लागली. शंका असेल तर "मी जिथे बघितला तिथे" एवढं जोडायचं.

सिरियलचं गणित पूर्ण वेगळं आहे. पिच्चर एकदा बनतो आणि संपतो, डेली सोप बनता बनताच तुम्ही बघत असता, अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं, आठवड्याला सहा एपिसोड, आणि टीआरपी बघून ट्रॅक फिरतो. चार दिवस सासूचे तर २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर एपिसोड. त्याचा "रिव्ह्यू" कुठल्या दिवशी लिहिणार? पहिल्या एपिसोडवर लिहू नका, त्यात सगळा पैसा ओतलेला असतो, ड्रोन शॉट असतात, नवीन साड्या असतात. खरी सिरियल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळते, जेव्हा बजेट जमिनीवर येतं आणि किचन-हॉल-बेडरूम सुरू होतं. मी दोन आठवडे सलग बघतो, मग महिनाभर सोडतो, मग परत एक आठवडा बघतो. महिन्यानंतर लावल्यावर पाच मिनिटांत सगळं कळलं म्हणजे मधे नुसतं पाणी घातलं होतं. एका थपडीवर सात जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात तेव्हा स्टॉपवॉच लावून बघा एकदा, गंमत येते आणि रिव्ह्यूत आकडा पण मिळतो. मात्र शिव्या कोणाला घालायच्या ते बघून घाला. टायटलमध्ये कथा, पटकथा, संवाद यांची नावं बहुतेक वेगवेगळी असतात, संवाद फर्मास आणि ट्रॅक भंगार असं होऊ शकतं, तेव्हा संवाद लिहिणाऱ्याचं श्रेय त्याला द्या. आणि नायिकेच्या वजनावर, रंगावर लिहिणारे लोक असतात त्यांच्यातले होऊ नका, रोल आवडला नाही तर रोलबद्दल बोला.

वेब सिरीजला किती एपिसोड बघून लिहिताय ते पहिल्याच ओळीत सांगा. तीन बघून सोडली असेल तर तसं लिहा, त्यात लाज कसली, का सोडली हीच तर माहिती आहे.

स्टार द्यायचे की नाही? मी देत नाही, कारण माझे साडेतीन आणि तुमचे साडेतीन सारखे नसतात. द्यायचे असतील तर एकदा सांगून ठेवा की तुमच्याकडे तीन म्हणजे काय. आणि बाहेरचे आकडे वापरताना जपून, रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या वेबसाईटवर ९०% म्हणजे पिच्चरला शंभरात नव्वद मार्क असं नाही, शंभरातल्या नव्वद समीक्षकांनी बरा म्हणलाय एवढंच, सगळ्यांनी "बरा आहे" म्हणलं तरी ९० च्या वर जाईल. आमच्या ऑफिसात यावरून जेवणाच्या सुट्टीत तासभर वाद झालाय.

फुकट पास मिळाला असेल, ओळखीतलं कोणी पिच्चरमध्ये असेल, तर आधी सांगून टाका. पैसे घेऊन पोस्ट टाकली तर ती जाहिरात आहे, तसं लिहायलाच पाहिजे. आणि थिएटरात पडद्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकायचं आधी बंद करा, हिरोची एन्ट्री असो की काय असो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झालीये, असं रेकॉर्डिंग केलं तर किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड तीन लाखांपासून पुढे. फोटो हवा असेल तर बाहेरच्या पोस्टरसमोर उभे रहा, तिकीट हातात धरा, झालं.

लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा आणि पिच्चरचं नाव खोडून बघा. नाव नसताना पण वाचणाऱ्याला कुठला पिच्चर ते ओळखता आलं तर पाठवा. मी आता मावशीला आधी पाठवतो, मग ग्रुपवर. परवा तिचं उत्तर आलं, "सगळं कळलं, पण पाच वाजताचा शो आहे का ते लिहिलं नाहीस." तेवढी एक ओळ वाढवली.