गोंद वाळेपर्यंत कॉम्प्युटर: दोन नादांचा एक दिवस कसा लावावा

सुतारकाम आणि कॉम्प्युटर दुरुस्ती हे दोन नाद एकाच माणसाला असले की सुट्टी कायम अपुरी पडते. या दोन्ही कामांत हात चालवण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ जातो, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. गोंद वाळायचा असतो, डेटा कॉपी व्हायचा असतो, मेमरीची चाचणी संपायची असते. तेव्हा एकाचा थांबा दुसऱ्याच्या कामात बसवायचा.

सकाळी आधी कॉम्प्युटर, पण उघडायचा नाही

तो चालू होत असेल तर सगळ्यात आधी बॅकअप. मालक कितीही म्हणो, ‘त्यात काही महत्त्वाचं नाही’. दुरुस्ती झाल्यावर त्याला नेमका फोटोंचा फोल्डर आठवतो. बाहेरच्या डिस्कवर सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने कॉपी होत असेल तर 500 जीबीला साधारण दीड तास लागतो. बारक्या फायली पुष्कळ असतील तर बराच जास्त. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र तिथेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की उरलासुरला डेटाही जातो.

कॉपी लावली की दुसऱ्या खोलीत जा. दुसरी खोलीच हवी, कारण बारीक भुसा पंख्याने आत ओढला जातो आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांमध्ये जाऊन बसतो.

आता लाकूड

पहिला अर्धा तास धारेला द्या. पटाशीच्या उतरत्या बाजूला मार्करने काळं करा आणि निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) चारपाच वेळा फिरवून उलटून बघा. शाई फक्त मागच्या अंगाला गेली आणि टोकाशी तशीच राहिली, तर पटाशी फार आडवी धरली जातेय, किंचित उचला. टोकापर्यंतची शाई गेली की कोन जमला. मग तोच कोन धरून घासत राहा, सपाट बाजूला बोटाला खरखर लागेपर्यंत. बोट धारेवरून बाहेरच्या दिशेने फिरवायचं, धारेच्या रेघेत कधीच नाही. मग सपाट बाजू निसण्यावर पूर्ण टेकवून ती खरखर काढून टाका. मऊ लाकडाच्या आडव्या कापावरून पातळ ढलपी निघाली आणि रेषे चुरगळले नाहीत, म्हणजे धार लागली.

सरावाला मी नेहमी एकच जोड घेतो: दोन पट्ट्या एकमेकींत अर्ध्या-अर्ध्या बसणारा. तुमची पट्टी 20 मिलिमीटर जाडीची असेल तर प्रत्येकीत 10 मिलिमीटर खोल खाच. खाचेची रुंदी टेपने मोजू नका. दुसरी पट्टी गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीने, काटकोनात ठेवा आणि तिच्याच कडेला लागून रेघ मारा, तीही पेन्सिलने नाही, कटरने. पेन्सिलची रेघ जाड असते आणि तिच्या कुठल्या बाजूला कापायचं यावर तुमचंच तुमच्याशी भांडण होतं. कटरच्या रेघेत पटाशीचं टोक आपोआप बसतं.

करवत रेघेवर चालवायची नाही. रेघ शाबूत ठेवून आतल्या, म्हणजे काढून टाकायच्या बाजूने. मध्येही तीनचार काप घ्या. मग पट्टी क्लॅम्पने टेबलाला पक्की बांधा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवून पटाशीने मधलं लाकूड उडवा. आधी एका बाजूने निम्म्यापर्यंत, मग पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड फाटते.

जोड तळहाताने दाबून बसला पाहिजे. हातोडी लागली तर घट्ट आहे, हलवल्यावर खटखट वाजला तर सैल. तेवढं टोक कापून टाका आणि पुन्हा पहिल्यापासून. एका पट्टीत चारपाच जोड सहज होतात. चिकटवायचा तो फक्त त्यातला सगळ्यात चांगला. पांढरा गोंद पातळ लावा, क्लॅम्प आवळा, गुण्याने काटकोन पुन्हा तपासा (आवळताना हमखास सरकतो) आणि उठा. पूर्ण ताकद यायला एक दिवस लागतो.

हात धुऊन परत

कपडे झटका, शक्यतो बदलाच. बॅकअप झालेला असेल. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर उघडल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती टोचायची नाही, दाबायची नाही. काम तिथेच थांबवा. डेस्कटॉपचा पॉवर सप्लायसुद्धा उघडू नका, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठलेली राहते.

स्क्रूचं माझं प्रायश्चित्त सांगतो. एकदा लॅपटॉपचे सगळे स्क्रू एका वाटीत टाकले आणि जोडताना लांब स्क्रू आखूड जागी पिळला. कीबोर्डखाली कव्हरला आतून टेंगूळ आलं, ते अजून आहे. तेव्हापासून पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवतो.

घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा 3 व्होल्टचा सेल बदला. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर2032 असतो. गरम होऊन बंद पडत असेल तर धूळ झटका, पण हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी मटाराच्या दाण्याएवढी लावा. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, असं असेल तर रॅमच्या (मेमरीच्या) पट्ट्या काढून एकच बसवा, दोन्ही टोकं टक् आवाज करेपर्यंत दाबा, चालू करून बघा, मग दुसरी. एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर कशाने झाला ते कधीच कळत नाही.

मध्ये साधारण अर्ध्या तासाने एकदा उठून जोडाकडे जा. बाहेर आलेला गोंद तेव्हा रबरासारखा झालेला असतो आणि जुन्या पटाशीने त्याची अख्खी पट्टी सोलून निघते. ओला असताना फडक्याने पुसलात तर तो रेष्यांत शिरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतो. निसलेली पटाशी यासाठी वापरू नका.

रात्री झोपताना पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा. सकाळी त्यात एकही चूक दिसली तर रॅमची प्रत्येक पट्टी वेगळी तपासायची. चूक नसेल तर कव्हर लावा, पुठ्ठ्यावरचे स्क्रू एकेक करून परत जागी घाला आणि मग क्लॅम्प सोडायला जा.