एस्प्लनेड मॅन्शनचा लोखंडी सांगाडा कसा वाचायचा

मुंबईतल्या काळा घोड्याची ही इमारत, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल, बघायला गेलात तर तिच्या सज्जांखाली उभे राहू नका. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला होता. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जा; सांगाडाही तिथूनच पूर्ण दिसतो.

आधी विटा विसरा आणि उभे खांब मोजा. दोन खांबांमधलं अंतर पुन्हापुन्हा तेच येतं, कारण हे भाग साच्यात ओतलेले आहेत. आराखडा इंग्रज अभियंता रोलंड मेसन ऑर्डिशचा, ओतकाम इंग्लंडमधल्या डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीचं. सुटे भाग जहाजाने मुंबईत आले, १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले गेले आणि १८७१ मध्ये त्यात वॉटसन्स हॉटेल सुरू झालं. दर्शनी बाजूला वजन पेलतात ते खांब आणि तुळया. मधल्या विटा म्हणजे नुसता भराव. भारतात इतक्या लवकर असं बांधकाम झालं, हेच तिचं खरं मोल.

आता बारकाईने बघा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब दाब उत्तम सोसतो, ताण (ओढ) मात्र सोसत नाही. तो आधी वाकून इशारा देत नाही, थेट तडकतो. म्हणून खांब-तुळईचे सांधे, सज्जाचं मूळ आणि पावसाच्या पाइपालगतची जागा दुर्बिणीतून तपासा. लोखंड गंजलं की फुगतं आणि शेजारची वीट बाहेर ढकलतं. तडा खांबाला लागून सरळ वर जात असेल तर गंजाचा संशय घ्या. पायऱ्यांसारखा तिरका असेल तर पाया खचल्याचा.

असा तडा सिमेंटने बुजवणं ही सर्रास होणारी चूक. ओल आत कोंडते आणि गंज आतल्या आत वाढतो. आधी गळती थांबवावी, गंज काढून लोखंडाला संरक्षक रंग द्यावा, मग विटांचे सांधे चुन्याने भरावेत: एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. तडकलेल्या बिडावर सरसकट वेल्डिंग नको. असमान तापल्याने शेजारीच नवी चीर जाते.

शेवटी हॉटेलच्या काळातला फोटो मोबाइलवर उघडून समोर धरा. तेव्हाचे मोकळे सज्जे पुढे जागोजागी बंदिस्त झाले. ७ जुलै १८९६ ला सिनेमाचे फ्रेंच प्रणेते ल्यूमिएर बंधू यांची चलचित्रं जिथे दाखवली गेली, त्याच वास्तूत नंतर पार्टिशनं पडून वकिलांची ऑफिसं थाटली. कोर्ट जवळच होतं. कुठला सज्जा कशाने बंद केलाय ते टिपून घ्या: दुरुस्तीच्या वेळी आधी उतरवायचं ओझं ते.