वाफेच्या जॅकेटमधील भांड्याची भिंत किती तापते?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात जॅकेट (भांड्याभोवतीचे वाफ भरलेले कवच) असलेल्या भांड्यात संत्र्याचा पाक आटवताना तो भांड्याला लागून करपू लागला, तर आधी आतल्या भिंतीचे तापमान काढावे. प्रेशर गेजवर 2 बार दिसत असतील, तर त्यात वातावरणाचा दाब मिळवून निरपेक्ष (एकूण) दाब सुमारे 3 बार होतो आणि स्टीम टेबलनुसार (दाबावरून वाफेचे तापमान देणाऱ्या तक्त्यानुसार) संपृक्त वाफेचे, म्हणजे त्या दाबाला पाणी उकळते त्या तापमानाच्या वाफेचे, तापमान 133.5 अंश सेल्सिअस येते. मात्र जॅकेटमध्ये हवा अडकली असेल तर ते याहून कमी भरते, म्हणून एअर व्हेंट (हवा बाहेर सोडणारी झडप) तपासून घ्यावा.

आता वाफेपासून पाकापर्यंत उष्णतेच्या वाटेतले तीन रोध (अडथळे) मांडावेत. वाफेच्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक (उष्णता किती सहज जाते याचे माप) 6000 वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरल्यास रोध, म्हणजे 1 भागिले गुणांक, 0.00017 येतो, 6 मिलिमीटर स्टेनलेस स्टीलचा 0.00038, तर पाकाच्या बाजूचा गुणांक 500 धरल्यास 0.002. पाक 80 अंशांवर असेल, तर 53.5 अंशांच्या फरकापैकी सुमारे 42 अंश पाकालगतच्या थरातच खर्ची पडतात, म्हणजे भिंत 122 अंशांच्या आसपास असते. पाक दाटून गुणांक 100 वर उतरला, की तीच भिंत 131 अंशांवर जाते. करपण्याचे मूळ माझ्या मते बहुधा येथेच असते. त्या टप्प्यावर वाफेचा दाब उतरवावा आणि ढवळणीची पाती भिंत खरवडत फिरत आहेत ना, हे पाहावे.