गोठ्यात डॉक्टर बोलावताना या चुका टाळा

दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार, झालेल्या गाईला चार दिवस सुया टोचल्या, सड काही मोकळा होईना. मग दवाखान्यात नेलं की पहिला प्रश्न येतो, आधी काय दिलंय? आणि चिठ्ठीच नसते. कोणतं अँटिबायोटिक, किती मात्रा, दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, कशाचाच पत्ता नाही. चिठ्ठी न मागणं ही गोठ्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

तिच्या मुळाशी दुसरी चूक असते. बॅग घेऊन आला की डॉक्टर, असं आपण धरून चालतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर उपचाराचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकाला राज्य सरकार परवानगी देऊ शकतं, ती लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवांची, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पर्यवेक्षकाला कमी लेखायचं कारण नाही. रात्री-अपरात्री हाकेला धावणारा बऱ्याच गावांत तोच असतो. पण अडलेल्या गाईचं सिझेरियन त्याच्या गळ्यात घालू नका. कृत्रिम रेतन करणाऱ्याकडून तापाचं इंजेक्शन घेणंही तसंच.

विचारायला संकोच वाटतो, हे खरं. 'साहेब, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक टाका ना, विम्याला लागतो,' एवढं म्हटलं तरी भागतं. खरा पशुवैद्यक रागावत नाही. शंका आलीच तर नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नाव पडताळता येतं.

विम्याचं निमित्त खोटंही नाही. पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार वर सांगितलेल्या कलम ३० नेच नोंदणीकृत पशुवैद्यकालाच दिलाय. म्हैस दगावली, कानातला बिल्ला जपून ठेवला, फोटो काढले, पण शवविच्छेदनाच्या अहवालावर भलत्याचीच सही असली, तर दावा तिथेच अडकतो. पुरून टाकलेलं जनावर पुन्हा तपासायचं कसं?

तक्रार करतानाही घोळ होतो. परिषद चौकशी करून नाव नोंदवहीतून काढू शकते, पण ज्याचं नाव नोंदवहीत आहे त्याचंच. बोगस माणसाविरुद्ध परिषदेला पत्र पाठवून नुसती वाट बघत बसू नका. पोलिसांत लेखी तक्रार द्या, प्रत जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला द्या. चिठ्ठी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, पैसे पाठवल्याची नोंद, जे असेल ते जोडा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाची बाटली सापडली तर ती जरूर ठेवा. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे.

नव्या पदवीधरांसाठी थोडं. इंटर्नशिपपुरती मिळालेली तात्पुरती नोंदणी म्हणजे स्वतःचा दवाखाना थाटायची मुभा नव्हे. पदवी हातात पडली की कायमची नोंदणी करा आणि दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. कोल्हापूर सोडून बेळगावला किंवा गोव्यात बस्तान हलवणार असाल, तर नोंदणी तिकडच्या परिषदेकडे वर्ग करायचा अर्ज आधी द्या, पाटी नंतर रंगवा.