काळी बाबागाडी अंधारात दिसावी म्हणून
आमच्या गल्लीला धड फुटपाथ नाही, त्यामुळे दिवेलागणीनंतर नातीला रस्त्याच्या कडेनेच फिरवते. एकदा वळणावर स्कूटर हातभर अंतरावर येऊन थांबली. काळी बाबागाडी त्या मुलाला दिसलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी रिफ्लेक्टिव्ह टेप आणली.

आधी दांड्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा, नाहीतर धुळीमुळे टेप सुटते. चाकांवर तुकडे लावाच; फिरती चमक पटकन नजरेत भरते. पण टेप हेडलाइट पडला तरच चमकते, म्हणून मागे सायकलचा लाल दिवा हवा. पुढचा पांढरा दिवा बाळाच्या डोळ्यांवर येऊ देऊ नका. दिव्यात बटण-सेल असेल तर झाकण स्क्रूचंच घ्या. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. आणि रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्यालाही दिसते.